केबलवाल्यावर लक्ष कोणाचे?

केबल बंद पडली की माणूस आधी केबलवाल्याला फोन करतो. त्याने उचलला नाही की वॉर्डातल्या नगरसेवकाला. नगरसेवक ‘बघतो’ म्हणतात आणि तेही त्याच केबलवाल्याला फोन लावतात. त्यांच्या हातात यापलीकडे फारसे काही नसते. नळ, गटार, रस्त्यावरचा दिवा यांबद्दल नगरपालिकेला जाब विचारता येतो. पण घरात आलेल्या केबलचे पैसे किती घ्यायचे, तिच्यावर काय दाखवायचे, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने नगरपालिकेला दिलेलाच नाही.

मी बरीच वर्षे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेत काढली. त्यामुळे लोक मलाही विचारायचे, “साहेब, केबलवाले तुमच्याच खात्याकडे ना?” होते, आणि नव्हतेही.

त्याचे असे आहे. नव्वदच्या दशकात गच्चीवर डिश लावून, गल्लीभर तारा टाकून हा धंदा उभा राहिला तेव्हा त्याला कायदाच नव्हता. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा आला तो १९९५ मध्ये. त्याने नोंदणीचे काम दिले टपाल खात्याला. मुख्य टपाल कार्यालयात अर्ज द्यायचा, ५०० रुपये भरायचे आणि दरवर्षी नूतनीकरण करायचे. कार्यक्रमांवर लक्ष ठेवण्याचे काम जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्त यांच्याकडे गेले. करमणूक शुल्क गोळा करायचे आम्ही. पुढे २००४ मध्ये दर आणि सेवेचा दर्जा हा विषय दिल्लीला ‘ट्राय’कडे गेला. एक तार आणि तिला चार धनी!

या चौघांत सर्वांत जागा धनी कोण होता, तर कर वसूल करणारा. हे मी अभिमानाने सांगत नाही, घडले तसे सांगतो. शुल्क जोडणीमागे होते. महापालिका हद्दीत शेवटी शेवटी ते महिन्याला ४५ रुपये होते. म्हणजे शंभर घरे कागदावर दाखवली नाहीत, तर महिन्याला साडेचार हजार रुपये शासनाचे बुडाले. केबलवाला सांगायचा, माझी घरे अडीचशे. मग आम्ही निघायचो तारा मोजायला. गच्चीवर चढायचे, खांबावरच्या डब्यातून किती फाटे फुटलेत ते पाहायचे. एका फाट्यावर स्प्लिटर लावला की वरचे घर आणि खालचे घर एकाच तारेवर चालते. खालून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. शेवटी आम्ही सरळ दार वाजवून विचारायचो, “काकू, केबलचे किती देता?” काकू खरे सांगायच्या, कारण त्यांच्या हातात पावती नसायची आणि त्याचा राग असायचा. त्या रागातच तक्रारी बाहेर पडत. चित्राला मुंग्या येतात, न सांगता पैसे वाढवले, वगैरे. आम्ही त्या ऐकून घ्यायचो आणि जोडणी वहीत मांडायचो. तक्रार मांडायला त्या वहीत रकाना नव्हता.

सेट टॉप बॉक्स आला आणि आमचे गच्चीवर चढणे संपले. मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर, पुणे-नागपूर-नाशिकसारख्या शहरांत २०१३ च्या मार्चअखेर आणि खेडोपाडी २०१७ पर्यंत जुनी पद्धत बंद करण्याचे ठरले. प्रत्येक बॉक्सला क्रमांक, त्यामुळे आकडा संगणकात. आणि मोजणी सोपी झाली, त्याच २०१७ मध्ये जीएसटी आला आणि आमचे शुल्कच गेले. राज्यघटनेतल्या दुरुस्तीने करमणुकीवर कर लावण्याची मुभा पंचायती आणि नगरपालिकांपुरती उरली. पण कर गेल्यावर केबलवाल्याच्या दारात नियमाने जाणारा जिल्ह्यातला सरकारी माणूसही गेला, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

आता कार्यक्रमांवरच्या नजरेबद्दल. माझ्या नोकरीत एकदा मिरवणुकीनंतर गावात तणाव झाला. दुपारी थोडी दगडफेक झाली होती, ती तासाभरात थांबलीही होती. पण स्थानिक केबल वाहिनीवर तीच दृश्ये रात्री नऊपर्यंत पुन्हा पुन्हा चालू होती. पाहणाऱ्याला वाटावे, आत्ताच चालले आहे. प्रांत साहेबांनी माणूस पाठवून ते थांबवले. समाजात तेढ वाढेल असा कार्यक्रम आपल्या हद्दीत बंद करण्याचा अधिकार त्यांना कायद्याच्या कलम १९ ने आहे, आणि त्या रात्री तो वापरला हे बरेच झाले. पण असा अधिकार एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर नको, हेही तितकेच खरे. नगरपालिकेच्या कारभारावर टीका करणारी स्थानिक वाहिनी याच कलमाने बंद करायचा मोह कोणाला होणारच नाही असे नाही.

यासाठी केंद्राने २००५ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमायला सांगितले. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त अध्यक्ष, सोबत पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, महिला आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी. रचना चांगली आहे. स्थानिक वाहिनीबद्दल समितीने अधिकृत अधिकाऱ्याला सांगायचे, उपग्रह वाहिनीबद्दलची तक्रार राज्य समितीमार्फत दिल्लीला पाठवायची. अशी समिती आपल्या जिल्ह्यात आहे, हे किती वाचकांना ठाऊक असेल?

अमेरिकेत हे उलटे. तिथे १९८४ च्या कायद्याने शहराला केबल कंपनीशी करार करता येतो, कंपनीच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते आणि शाळा, नागरिक व नगर परिषदेसाठी वाहिन्या राखून मागता येतात. दर ठरवण्यात मात्र तिथेही शहराचे हात बांधलेले आहेत.

आपल्याकडे ओढ दिल्लीकडेच आहे. स्थानिक वाहिन्यांसाठी २०२२ मध्ये नियम आले. वाहिनीमागे १००० रुपये भरून केंद्राकडे नोंदणी, आणि अशा वाहिन्या एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांहून जास्त नकोत. जानेवारी २०२५ पासून केबलवाल्याची नोंदणीही टपाल कार्यालयातून निघून थेट केंद्रीय मंत्रालयाकडे ऑनलाइन गेली, शुल्क ५००० रुपये, मुदत ५ वर्षे. भ्रष्टाचार कमी होईल, वेळ वाचेल, हे मान्य. पण पोस्टात जाऊन ‘या माणसाची नोंदणी आहे का हो?’ असे विचारण्याची सोयही गेली.

मग ग्राहकाने करायचे काय? आधी कंपनीच्या कॉल सेंटरला तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जावे, आणि तिथेही नाही लागली तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. स्थानिक वाहिनीवर काही भडक, खोटे किंवा मुलांनी पाहू नये असे दिसले, तर तारीख-वेळ घालून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आणि केबलची तार रस्त्यावर मानेइतकी खाली लोंबत असेल, तर मात्र नगरसेवकालाच गाठा. सार्वजनिक जागेतून तार नेण्याची परवानगी कायद्याच्या कलम ४ब प्रमाणे त्या जागेच्या मालक यंत्रणेकडून घ्यावी लागते, आणि गावातल्या रस्त्याची मालक बहुतेक वेळा नगरपालिकाच असते.