व्हरांड्यात मावणारा खोल समुद्र

लेखमाला : समुद्र शिकवताना – लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण भरती-ओहोटीपाशी थांबलो होतो. तो किनाऱ्याचा मामला होता. आता खोल उतरायचे आहे, आणि इथे मराठवाड्यातले शिक्षक हमखास अडतात. जालन्यातल्या मस्तगडच्या पोरांनी साधा समुद्र पाहिलेला नाही, त्यांना समुद्राचा तळ काय समजणार?

माझे मत नेमके उलटे आहे. खोल समुद्र गिरगावच्या पोरानेही पाहिलेला नसतो. मुंबईसमोरचा भूखंडमंच इतका रुंद आहे की ‘मुंबई हाय’च्या तेलविहिरी किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहेत आणि तिथेही पाणी जेमतेम ७५ मीटर आहे. चौपाटीवरून दिसतो तो पाण्याचा वरचा पापुद्रा. खोल समुद्र मोजून, आवाज सोडून, तळाचा दगड वर आणूनच कळतो. मोजायला चौपाटी लागत नाही, खडू लागतो.

तेव्हा मुलांना शाळेच्या व्हरांड्यात न्या. फरशीवर आडवी रेघ मारा. हा शून्य, म्हणजे समुद्रसपाटी. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर जी उंची लिहिलेली असते, ती इथून मोजलेली. हा शून्य कोणी ठरवला, हे मुले विचारतीलच. समुद्राचे पाणी सतत वरखाली होते, हे आपण मागच्या वेळी पाहिले. म्हणून मुंबई आणि कारवार धरून नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या दीर्घ नोंदी घेतल्या गेल्या आणि त्यांच्या सरासरीवर १९०९ साली देशाचा शून्य बसवला गेला.

प्रमाण असे घ्या : एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर. शून्याच्या मागे पन्नासेक सेंटिमीटरवर जालना. पुढे सगळा समुद्र. दोन सेंटिमीटरवर आंग्रिया बँकेचा माथा, म्हणजे विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर आत पाण्याखाली बुडालेले, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे प्रवाळांचे पठार. चार सेंटिमीटरवर हौशी पाणबुड्यांची मर्यादा. साडेसातवर मुंबई हायचा तळ. वीस सेंटिमीटरवर वनस्पतींना पुरेल एवढा प्रकाश संपतो. एक मीटरवर सूर्याचा मागमूसही नाही. कळसूबाई उलटे करून पाण्यात सोडले तरी ते एक मीटर पासष्टवर संपते. पण रेघ ओढत राहा, सहा मीटरपर्यंत. इतक्या खोल आपली ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी जायची आहे.

रेघ पुरी झाली की मुले आपोआप गप्प होतात. मग प्रकाशाचा प्रयोग करा. वर्ग अंधारा करा, बॅटरीवर निळा जिलेटिन कागद लावा आणि त्या उजेडात लाल रिबीन धरा. ती काळी दिसते. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते, म्हणून खोलातले कितीतरी झिंगे आणि मासे लालभडक असूनही तिथे अदृश्य राहतात. अरबी समुद्राची आणखी एक गंमत आहे. साधारण दीडशे ते हजार मीटरांच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. तरी लँटर्नफिश नावाचे छोटे, अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेले मासे दिवसभर तिथे दडून बसतात आणि रात्री चरायला वर येतात.

दाबाचे गणित तर आपल्या रेघेवर आयतेच बसते. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे खडूच्या दर सेंटिमीटरला एक. सहा मीटरवर सहाशे. नखाएवढ्या जागेवर मोंढ्यातले सहा क्विंटल धान्य रचल्यासारखे! मत्स्यमध्ये माणसे बसायची आहेत तो गोळा म्हणूनच टायटॅनियमच्या मिश्रधातूचा आहे, २.१ मीटर व्यासाचा, भिंत ८० मिलिमीटर जाड. गोलच का? गोलावर दाब सगळीकडून सारखा पडतो, कोपऱ्यात साचत नाही. फरशीवर २.१ मीटरचे वर्तुळ काढा आणि तीन मुलांना त्यात अख्खा तास बसवा. खऱ्या फेरीत तिघांना बारा तास बसायचे आहे. संकट आलेच तर ९६ तासांची सोय. या फेरीची तयारी चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ‘नॉटील’ पाणबुडीतून अटलांटिकमध्ये आपले राजू रमेश ४,०२५ मीटरपर्यंत आणि जतिंदर पाल सिंग ५,००२ मीटरपर्यंत जाऊन आले. त्यांच्या खुणा रेघेवर मुलांनाच करू द्या.

तिथल्या जिवांना हा दाब का चिरडत नाही, हा प्रश्न येतोच. त्यांच्या शरीरात दाबली जाईल अशी हवेची पोकळी नसते. आत पाणी, बाहेर पाणी.

आता तळ. इथे मस्तगडची मुले मुंबईकरांच्या बरोबरीची ठरतात. मस्तगडाची गढी १७२५ च्या सुमारास काबील खानाने बांधली, पण तिच्या खालचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा आहे. जालन्यात विहीर खणताना मुरूम संपून ‘काळा पाषाण लागला’ म्हणतात, तोच हा, बेसाल्ट. आणि महासागरांचा जवळजवळ सगळा तळही बेसाल्टचाच आहे. दख्खनचा लाव्हा जमिनीला पडलेल्या भेगांतून आला, समुद्रातला पाण्याखालच्या पर्वतरांगांच्या भेगांतून येतो, आणि तो अजूनही येतो आहे. दख्खनचा लाव्हा ज्या तप्त स्थानातून आला, ते आज रियुनियन बेटाखाली आहे. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी ज्वालामुखींची माळ राहिली. त्यांतल्या पहिल्या तिघांवर पुढे प्रवाळ वाढले. भूगोलाच्या नकाशावर जालन्यापासून रियुनियनपर्यंत बोट फिरवा. (पाण्याखालच्या अशा एका पर्वतरांगेचे, कार्ल्सबर्ग रिजचे, नाव ती शोधणाऱ्या मोहिमेला पैसा देणाऱ्या बिअर कंपनीच्या प्रतिष्ठानावरून पडले. हे वर्गात सांगायचे की नाही, ते मास्तरांनी ठरवावे.)

या तळावर काही ठिकाणी बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेले आहेत. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने भारतासाठी असा पहिला गोटा वर काढला. शार्कचा दात किंवा शंखाचा तुकडा मध्ये धरून त्यावर धातूचे थर चढतात, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. आत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट. मँगनीज हे नाव पोलादाच्या गावाला नवे नाही. जालन्याच्या सळईतही ते असते. १९८७ मध्ये अशा क्षेत्राचा अग्रणी गुंतवणूकदार म्हणून नोंद झालेला भारत पहिला देश. आज मध्य हिंदी महासागरात त्याच्याकडे ७५,००० चौरस किलोमीटरचा टापू आहे.

पण काढायचे का, आणि कसे? गोव्याच्याच शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मुद्दाम तळाचा एक तुकडा ढवळला आणि तो किती सावरतो, हे पुढे अनेक वर्षे परत परत जाऊन पाहिले. हिंदी महासागरातल्या गरम झऱ्यांपाशी, म्हणजे या गोट्यांपासून दूर, दुसऱ्याच ठिकाणी, २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर लोहाच्या संयुगाचे खवले आहेत. २०१९ मध्ये ती धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेली. तिथे खाणकाम सुरूही झालेले नव्हते. होण्याची शक्यताच पुरेशी ठरली. गोटे काढावेत की नाही, यावर वर्गाचे दोन गट पाडून भांडण लावून द्या. शिक्षकाने मत देऊ नये, फक्त आकडे चुकू देऊ नयेत. आंतरराष्ट्रीय समुद्रतळाचे हे परवाने जमैकातल्या किंग्स्टनला ठरतात. आपल्या गटाने तिथे काय मागितले असते, ते मुलांनी एका कागदावर लिहून आणावे.

पुढील लेखांक : आवाजाने खोली कशी मोजतात. तोवर एक गणित. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. जहाजावरून सोडलेला आवाज ७ सेकंदांनी परत आला, तर तळ किती खोल?