डोंगर आणि कॅमेरा – लेखांक ६ : फिल्मचा विमानप्रवास

फिल्म प्रकाशाला जसा प्रतिसाद देते, तसाच ती क्ष-किरणांनाही देते. तिच्यावरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाश पडलेले स्फटिक रोल धुताना काळ्या चांदीत बदलतात आणि चित्र उमटते. क्ष-किरण कॅमेऱ्याचे झाकण, रोलची डबी आणि पिशवीचे कापड सहज भेदून याच स्फटिकांपर्यंत पोहोचतात. फिल्म घेऊन विमानाने जाणाऱ्याच्या बहुतेक अडचणी या एका गुणधर्मातून निर्माण होतात.

पालघर जिल्ह्यातल्या मनोरपासून जवळच असलेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून वीजनिर्मिती होते. किरणोत्साराजवळ काम करणाऱ्यांना पूर्वी फिल्मचा बिल्ला लावावा लागे. ती फिल्म किती काळवंडली यावरून अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा ठरवत. आता त्या कामासाठी टीएलडी (थर्मोल्युमिनेसन्ट डोसिमीटर) बिल्ले वापरतात. बिल्ल्यात जो गुण उपयोगी पडला, तोच निसर्गचित्रणाच्या रोलला मारक ठरतो.

नुकसान कसे होते

क्ष-किरणांनी फिल्मवर धूसरपणा चढतो. निगेटिव्हच्या सावलीच्या भागात नसलेली घनता येते, त्यामुळे प्रिंटमधल्या गडद जागा दुधाळ दिसतात आणि दाणा वाढतो. स्लाइड फिल्ममध्ये काळा रंग फिका पडतो. पहाटेची दरी किंवा पावसाळी कडा टिपताना सावलीतल्या तपशिलावरच चित्र उभे असते, म्हणून निसर्गचित्राला हा दोष फार जाणवतो.

हा परिणाम साचत जातो. प्रत्येक तपासणीची मात्रा आधीच्या मात्रेत मिळते आणि रोल धुतल्याशिवाय हिशेब थांबत नाही. फिल्मचा आयएसओ जितका जास्त, तितका धोका मोठा. वेल्व्हिया ५० किंवा एक्टार १०० जे सहन करते, ते पोर्ट्रा ८०० किंवा डेल्टा ३२०० करू शकत नाही. इन्स्टॅक्ससारख्या झटपट फिल्मलाही हा धोका आहे. धुतलेल्या निगेटिव्हला, रिकाम्या कॅमेऱ्याला, लेन्सला आणि डिजिटल मेमरी कार्डाला मात्र क्ष-किरणांची भीती नाही.

यंत्रांचे तीन प्रकार

हातसामान तपासणारे जुन्या पद्धतीचे यंत्र सौम्य असते. कमी आणि मध्यम आयएसओच्या फिल्मला त्यातून एक-दोनदा गेल्याने सहसा दिसण्याजोगी इजा होत नाही. चेक-इन सामानाची यंत्रे फार तीव्र असतात आणि त्यांनी रोलवर लाटांसारखे पट्टे उमटू शकतात. म्हणून न धुतलेला एकही रोल चेक-इन बॅगेत ठेवू नये.

तिसरा प्रकार सीटी यंत्राचा. त्यात किरणांचा स्रोत बॅगेभोवती फिरतो आणि अनेक बाजूंनी काप घेऊन त्रिमितीय प्रतिमा तयार करतो. ही यंत्रे आता जगभरच्या विमानतळांवर हातसामानासाठीही बसवली जात आहेत. त्यांच्या एका फेरीतही फिल्म खराब होऊ शकते. न धुतलेली फिल्म सीटी यंत्रातून नेऊ नये, असे कोडॅकसारखे फिल्म उत्पादक सांगतात.

शिशाच्या पिशवीने पूर्ण संरक्षण मिळत नाही. पडद्यावर अपारदर्शक ठोकळा दिसला की कर्मचारी बॅग उघडायला लावतो किंवा पुन्हा यंत्रात घालतो. प्रवाशाने चालत ओलांडायची धातूशोधक चौकट आणि हातातले धातूशोधक मात्र फिल्मला निरुपद्रवी आहेत. त्यांत क्ष-किरण नसतात.

मनोर ते विमानतळ

मनोरहून मुंबईच्या विमानतळाला जाताना मस्तान नाक्यावरून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरता येतो, किंवा पालघर-बोईसरहून पश्चिम रेल्वेने अंधेरी गाठता येते. अंधेरीहून मेट्रोने विमानतळाकडे जाणाऱ्याची बॅग मेट्रो स्थानकातही क्ष-किरण यंत्रातून जाते. एका फेरीने फारसे बिघडत नाही, पण साचणाऱ्या हिशेबात तीही धरावी लागते. जास्त आयएसओचे रोल सोबत असतील तर अंधेरीहून रिक्षा किंवा टॅक्सी बरी.

रस्त्याने जाताना उष्णतेचा प्रश्न येतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर रोल ठेवल्यास रंगीत फिल्मचा रंगतोल ढळतो. फ्रिजमधले रोल बंद डबीतच बाहेर काढून दोन-तीन तास खोलीत ठेवावेत, नाहीतर कोकणच्या दमट हवेत त्यांच्यावर पाणी धरते. कॅमेऱ्याच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, कारण या हवेत लेन्सला बुरशी लवकर लागते.

निघण्याच्या आधी एक चाचणी रोल जवळपासच काढून धुऊन पाहावा. अशेरीगड आणि कोहोज हे मनोरच्या हाताशी असलेले किल्ले त्यासाठी उत्तम आहेत. कातळ, झाडी आणि मोकळे आकाश एकाच चौकटीत आल्याने शटरचा वेग, मीटर आणि आत शिरणारा प्रकाश या तिन्हींची परीक्षा होते. लेहला पोचल्यावर कॅमेऱ्याचा दोष कळून उपयोग नसतो.

सामानाची विभागणी

देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमी वर्गाला सहसा ७ किलोपर्यंत हातसामान नेता येते, तेव्हा क्रम ठरवूनच पिशवी भरावी. आधी सगळी फिल्म, मग कॅमेरा व लेन्स, मग मीटर व फिल्टर. तिपाई, तिचे डोके, चाकू आणि पाने चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून द्यावेत. सुट्या लिथियम बॅटऱ्यांना चेक-इन सामानात मनाई आहे. त्या टोकांना चिकटपट्टी लावून हातसामानातच ठेवाव्या लागतात. धुण्याची रसायने आणि दाबाखालील हवेचे डबे घरीच ठेवावेत. धूळ झटकायला रबरी फुग्याचा ब्लोअर पुरतो.

वजनाच्या दृष्टीने ३५ मिलिमीटरचा कॅमेरा सोयीचा. निकॉन एफएम२ ची बॉडी ५४० ग्रॅमची आहे आणि तिचे शटर बॅटरीविना चालते. समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरहून उंच असलेल्या लेहच्या थंडीत बॅटऱ्या लवकर दम सोडतात, तेव्हा हा गुण मोलाचा ठरतो.

तपासणीच्या रांगेत

कॅमेऱ्यात रोल भरून विमानतळावर जाऊ नये. तपासनिसाने पाठ उघडली तर प्रकाश लागून रोल वाया जातो. रोल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून काढून पारदर्शक झिप पिशवीत ठेवावेत, म्हणजे आत काय आहे ते एका दृष्टिक्षेपात कळते. शीट फिल्मची खोकी उघडता येत नाहीत, म्हणून सोबत चेंजिंग बॅग असावी.

बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधीच ती पिशवी हातात घेऊन केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या कर्मचाऱ्याला, रोल हाताने तपासावेत अशी नम्रपणे विनंती करावी. गर्दीत उशीर होतो, म्हणून वेळ राखून पोहोचावे. अमेरिकेत हाताने तपासणी मागण्याची प्रवाशाला मुभा आहे. भारतात अखेरचा निर्णय तपासणी अधिकाऱ्याचा असतो. नकार मिळाल्यास वाद घालू नये; यंत्र कोणत्या प्रकारचे आहे एवढे विचारून घ्यावे. लेह, श्रीनगर आणि जम्मू येथील तपासणी अधिक कडक असते. लष्करी विमानतळांवर छायाचित्रणाला बंदी असते, हेही ध्यानात ठेवावे.

परदेशी जाणाऱ्याने निघतानाच सीमाशुल्क विभागाकडून कॅमेरा व लेन्सच्या क्रमांकांसह निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना तेच साहित्य नव्याने आणल्याचा संशय त्यामुळे उरत नाही.

परतीचा प्रवास

जाताना कोरा रोल बिघडला तर दुसरा विकत मिळतो. परतताना मात्र रोलवर पुन्हा न येणारा प्रकाश असतो. म्हणून शेवटचा रोल विमानतळाआधीच पूर्ण गुंडाळावा आणि प्रत्येकावर क्रमांक, ठिकाण व आयएसओ मार्करने लिहावा. १२० फिल्मची कागदी पट्टी नीट चिकटवावी. एक कोरा रोल संपूर्ण प्रवासात सोबत ठेवून शेवटी इतरांबरोबर धुवावा. त्याच्यावर धूसरपणा दिसला तर दोष तपासणीचा की मीटरचा, हे लगेच कळते. हवाई पार्सलही क्ष-किरणांतून जाते, तेव्हा कुरियर हा सुरक्षित पर्याय नव्हे.

घरी पोचल्यावर रोल लवकरात लवकर धुवावेत. फिल्म धुईपर्यंत ती किरणे टिपतच राहते. धुतल्यानंतर जगातले कोणतेही तपासणी यंत्र तिच्यावरच्या चित्राला धक्का लावू शकत नाही.