चिल्याच्या पिठातला ब्रून

ब्रून पावाला सुरी लावली की आधी आवाज येतो, मग पाव कापला जातो. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी हा करकर आवाज आला की झोपेचं सोंग संपायचं. वडील धोबीतलावावरून ब्रून आणायचे, तोही कागदात गुंडाळूनच. दुकानदार प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यायला लागला की त्याच्याशी त्यांचा वाद ठरलेला. आई ओरडायची, "खाली ताट धरा, चुरा सांडतोय." त्या चुऱ्यावर आम्हा भावंडांची भांडणं व्हायची.

लग्नानंतर मी छत्तीसगडात, भिलाईला आले. इथे पाव मिळतो, चांगला मऊ मिळतो. पण मऊ पाव मला कधी हवाच नव्हता.

लादी पाव आणि ब्रून यांत पहिला फरक मांडणीचा. लादीत गोळे एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे कडा वाफेतच शिजतात आणि पांढऱ्या, लुसलुशीत राहतात. ब्रून सुटा भाजतात. त्याला चहूबाजूंनी आच लागते. म्हणून त्याला 'कडक पाव' हे सरळ नावही आहे, आणि तो पाणी कम चहात बुडवल्याशिवाय दातांना दाद देत नाही.

मुंबईकर ब्रून म्हणताच इराण्याच्या हॉटेलाचं नाव घेतो. त्यात चूक नाही. 'कयानी' १९०४ चं, ग्रँट रोडचं 'मेरवान' १९१४ चं. पण पाव इराण्यांच्या आधीचा. शब्द पोर्तुगीज, आणि भाजणारे हात गोव्याचे. मराठी घरांत त्याला शिरकाव मिळाला तो मात्र फार उशिरा. 'पाव खाल्ला म्हणजे बाटला' ही नुसती म्हण नव्हती. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली, गुप्त. जातिभेद मोडायचा, पण बोभाटा होऊ द्यायचा नाही. नव्या सभासदाची परीक्षा कसली, तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पावाचा तुकडा सभासदांदेखत खायचा! १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, सभासदांची नावं फुटणार या धास्तीने मंडळी पांगली आणि सभा मोडली. पुढे १८६७ मध्ये दादोबांचेच बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे उभा राहिला. एका घासासाठी एवढी गुप्तता पाळणाऱ्यांच्या पणतवंडांनी त्याच पावात वडा घातला, हे दादोबांना कळायला हवं होतं.

गोव्यात पाव भाजणारा तो पोदेर. सायकलच्या मागे टोपली, हँडलला रबरी भोंगा. टोपलीत कोंड्याची पोयी, बांगडीसारखी काकणं आणि गोल, टणक पाठीचा उंडो. माझ्या मते उंडो हा ब्रूनचा थोरला भाऊ. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालत. आता बहुतेक ठिकाणी यीस्ट आलं.

ब्रूनचं कडक कवच तयार होतं ते पाण्यामुळे. ऐकायला उलटं वाटतं. भट्टीत सुरुवातीला वाफ कोंडलेली हवी. ती गोळ्याच्या थंड पाठीवर पाणी होऊन बसते, पिठातला स्टार्च तिथे खळीसारखा शिजतो आणि ताणला जाऊ शकतो, म्हणून पाव मोकळेपणी फुगतो. मग वाफ जायला हवी. खळ वाळते, चकाकते, तांबूस होते. हा तांबूसपणा आणि खरपूस वास ज्या क्रियेचा, तिला मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे, त्याने ती १९१२ मध्ये मांडली. पाव बाहेर काढल्यावर निवताना कवच आकसतं आणि तडकतं. तो चटचट आवाज दोन-तीन मिनिटं येत राहतो. पुढे आतला ओलावा बाहेर सरकतो. प्लॅस्टिकमध्ये त्याला वाट मिळत नाही आणि कवच चामड्यासारखं होतं. म्हणजे वडिलांचं भांडण शास्त्रशुद्ध होतं.

विटांची भट्टी हे काम सहज करते, कारण तापलेली जाड भिंत उष्णता धरून ठेवते. पण मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्यांना आता निरोप आहे. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुरात राहणाऱ्यांच्या फुप्फुसांपुढे माझ्या आठवणीची किंमत किती, हे मला समजतं. तरी बातमी वाचून वाईट वाटलंच.

मग घरी सुरुवात केली. लोखंड वितळवणाऱ्या या गावात माझा एवढासा विजेचा ओव्हन! अर्धा किलो मैदा, सव्वातीनशे मिली पाणी, दहा ग्रॅम मीठ, यीस्ट. खाली उकळत्या पाण्याचं भांडं, दहा मिनिटांनी ते काढायचं. पहिल्या चार खेपा फसल्या. ओव्हनचा पातळ पत्रा दार उघडताच थंड पडायचा.

वाट निघाली ती हॉलंडच्या एका पावातून. तिथल्या 'टायगर ब्रेड'वर भाजण्याआधी तांदळाच्या पिठाचा लेप देतात. तांदळात ग्लूटेन नसतं. खालचा गोळा फुगतो, वरचा लेप ताणला जात नाही, तो फुटतो आणि भेगांची नक्षी उमटते. इंग्लंडात एका साडेतीन वर्षांच्या मुलीने 'सेन्सबरी' या दुकानसाखळीला कळवलं की हे पट्टे वाघाचे नसून जिराफाचे दिसतात. २०१२ मध्ये त्यांनी खरंच पावाचं नाव 'जिराफ ब्रेड' केलं.

तांदळाचं पीठ, आणि ते छत्तीसगडात! धानाचा कटोरा म्हणतात या मुलुखाला. चिला, फरा, चौसेला, अइरसा, सगळं त्यावरच. डब्यातलं शंभर ग्रॅम पीठ घेतलं, त्यात चमचाभर यीस्ट, चमचाभर साखर, चमचाभर तिळाचं तेल, चिमूट मीठ, आणि दाट होईल एवढं कोमट पाणी. वीस मिनिटांत फसफसलं. शेजारच्या काकी डोकावल्या. "ये तो चीला का घोल है," म्हणाल्या, आणि पाणी जास्त झालंय हेही सांगून गेल्या. त्यांचं बरोबर होतं. आणखी दोन चमचे पीठ घातलं, फुगलेल्या गोळ्यांवर बोटांनी लेप दिला आणि २२० अंशांवर पंचवीस मिनिटं ठेवले.

हा ब्रून नव्हे. ब्रूनची पाठ गुळगुळीत, याची उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखी. चवही किंचित गोड. पण जाळीवर ठेवल्यावर तो चटचटू लागला, तेव्हा मी गॅसवरचा चहा बंद केला, कारण त्याच्या उकळण्याचा आवाज मध्ये येत होता. मग सुरी लावली. चुरा थेट फरशीवर सांडला. ताट धरायचं राहून गेलं होतं.