गोठते तुषार : सरोवरांतील नौकांवरील हिमभार

संस्कृतात ‘तुषार’ या शब्दाने हिम, दव आणि उडणारे जलकण अशा अनेक अर्थांचा बोध होतो. मराठीने त्यांपैकी जलकण हा अर्थ प्रामुख्याने राखला. परंतु हिम आणि जलकण हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूच्या ठायी खरे ठरावेत असा एक निसर्गव्यापार उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत दर हिवाळ्यात घडतो. इंग्रजीत त्यास ‘फ्रीझिंग स्प्रे’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘गोठते तुषार’ म्हटले आहे.

नौका लाटेवर आदळली की तिच्या पुढील भागाकडून पाणी उसळते आणि वारा त्याचे कण नौकेवर फेकतो. हवा गोठणबिंदूच्या बरीच खाली असेल, तर हे कण उडतानाच निवतात आणि कठडे, दोर, डोलकाठ्या यांना स्पर्श होताच बर्फ होऊन चिकटतात. समुद्राचे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. सरोवराचे गोडे पाणी शून्य अंशालाच. शिवाय सरोवरांतील लाटा आखूड व उभ्या चढणीच्या असल्याने तुषारही विपुल उडतात.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. सरोवराचा पृष्ठभाग गोठून गेला की लाटा थांबतात आणि त्यांबरोबर तुषारही. म्हणजे या प्रकारच्या बर्फाचे भय सरोवर गोठलेले असताना नसून ते मोकळे असताना असते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी अद्याप वाहते, वारे मात्र प्रचंड व अतिशीत असतात. तोच काळ विशेष धोक्याचा होय.

धोका केवळ बर्फाच्या वजनात नाही, तर ते वजन कोठे बसते यात आहे. शंभर चौरस मीटर पृष्ठभागावर दोन सेंटिमीटर जाडीचा थर बसला, तर सुमारे १,८०० किलोग्रॅम भार वाढतो. आणि हा भार तळाशी नव्हे, माथ्यावर चढतो. त्यामुळे नौकेचा गुरुत्वमध्य वर सरकतो. नौका एका बाजूस कलली असता पूर्वीसारखी चटकन सावरत नाही. तिचे डोलणे मंद होते. अननुभवी माणसास ही मंदता सुखावह वाटते. वस्तुतः ती नौका उलटण्याची पूर्वसूचना असू शकते. वाऱ्याच्या बाजूस बर्फ अधिक साचल्यास नौका तिकडे झुकते. लहान नौकांना हा भार लवकर असह्य होतो.

२३ नोव्हेंबर १९१२ रोजी ‘राउस सिमन्स’ ही तीन डोलकाठ्यांची नौका नाताळची झाडे घेऊन शिकागोकडे जात असता मिशिगन सरोवरात बुडाली. किनाऱ्यावरील जीवरक्षक केंद्रातून तिचा संकटध्वज दिसला होता. परंतु मदतीस निघालेल्या बोटीस ती गाठता आली नाही. झाडांच्या अवजड राशीत बर्फाच्या भाराची भर पडून तिचा नाश ओढवला असावा, असे मानले जाते. तिचे अवशेष १९७१ मध्ये सापडले.

आज अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा या संकटाची दोन पायऱ्यांनी वर्दी देते. बर्फ ताशी दोन सेंटिमीटरपेक्षा कमी वेगाने साचणार असेल तर ‘सूचना’, आणि तितक्या वा त्याहून अधिक वेगाने साचणार असेल तर ‘इशारा’. वाऱ्याचा वेग, हवेचे तापमान व पाण्याचे तापमान या तिहींवरून हा अंदाज बांधला जातो. वर्दी मिळताच बंदर वा किनाऱ्याचा आडोसा गाठणे उत्तम. ते शक्य नसेल, तर वेग कमी करावा आणि लाटा समोरून आदळणार नाहीत अशी दिशा धरावी. साचलेले बर्फ लाकडी मोगऱ्यांनी फोडून काढतात.

आता परिभाषेविषयी एक शब्द. या संज्ञेचे भाषांतर ‘गोठणारा पाऊस’ असे करण्याचा मोह होईल. पण तो निराळा प्रकार आहे. पाऊस आकाशातून येतो. त्यावर नाविकाचा अधिकार चालत नाही. तुषार मात्र बव्हंशी नौकेच्या स्वतःच्या गतीने उडतात, आणि म्हणूनच त्यांवरील पहिला उपाय सुकाणू धरणाऱ्याच्या हाती असतो. ज्या संज्ञेने हे कर्तृत्व झाकले जाते, ती संज्ञा वाचकाची केवळ दिशाभूल करीत नाही. प्रसंगी त्याला असलेला उपायही त्याच्या दृष्टीआड करते.