सड्यावरची रानफुले आणि त्यांची छायाचित्रे

आपल्या सिंधुदुर्गाची ओळख सांगताना समुद्र, किल्ला, मासळी आणि आंबा यांच्यापुढे आपण सहसा जात नाही. गावामागचा सडा तर कोणाच्या खिजगणतीतही नसतो. मे महिन्यात मुलाबाळांसह गावी गेलेल्या चाकरमान्याला तो काळा, तापलेला, ओसाड कातळ दिसतो. महसूल दप्तरातही त्याची नोंद बहुधा पडीक किंवा पोटखराब अशीच सापडते. हाच सडा जून ते ऑक्टोबर या काळात पाहिला, तर मात्र आपले मत बदलते. आमच्या परिचयातील काही वनस्पतीप्रेमी मंडळी दर पावसाळ्यात मालवण, वेंगुर्ले, देवगड भागातील सडे पायी हिंडून फुलांची छायाचित्रे घेतात. त्यांच्याबरोबर फिरताना जे समजले ते सभासद बंधू-भगिनींना, विशेषतः विद्यार्थ्यांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. त्यावर माती असते दोन-चार बोटे, आणि कित्येक ठिकाणी तीही नाही. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही. म्हणून येथे वाढतात त्या वीतभर, बोटभर वनस्पती. काही चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपतात; काही कंदाच्या रूपाने आठ महिने कातळाच्या भेगेत झोपून राहतात. दीपकाडी ही दुसऱ्या प्रकारातली. पहिला पाऊस पडून थोडे दिवस जातात न जातात तोच तिचे पांढरेशुभ्र तुरे वर येतात आणि लवकरच ओसरतात. जुलैमध्ये गेलेल्याला ती भेटेलच असे नाही. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, डिपकॅडी कोंकणेन्सी, आणि ती कोकण-गोवा पट्ट्यापुरतीच मर्यादित मानली जाते. जगाच्या पाठीवर जी एवढ्याच टापूत आहे, ती आपल्या घरामागे फुलते आणि आपल्याला तिचे नावही ठाऊक नसते!

श्रावण-भाद्रपदात सड्यावरच्या पाणथळ जागा जांभळ्या-निळ्या दिसू लागतात. ही सीतेची आसवे. फूल नखाएवढे, नाजूक. पण वनस्पती मांसाहारी! पाणी झिरपून गेलेल्या या पातळ मातीत नत्र फार थोडे. ते मिळवण्यासाठी तिच्या जमिनीखालच्या भागावर सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी बारीक जीव आला की झडप आत उघडते आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत हे सारे घडते. शेजारीच दवबिंदू असतो. त्याच्या पानांवरील केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. त्यांना माशी चिकटली की सुटत नाही. दोघांची गरज एकच, पण शिकारीची रीत निराळी.

आता छायाचित्राविषयी. महागडा कॅमेरा हवाच असे नाही. हातातला मोबाईल बहुतेक कामाला पुरतो. बहुतेक जण फुलाचा समोरून एक सुंदर फोटो काढतात आणि पुढे निघतात. असा फोटो भिंतीवर शोभतो, पण त्यावरून जाणकारालाही पुष्कळदा नाव सांगता येत नाही. आधी संपूर्ण झाड आणि ते उगवले ती जागा घ्यावी: कातळ, डबके की भाताचा बांध. मग पाने, विशेषतः पान खोडाला कसे जोडले आहे तो भाग. मग फूल समोरून, बाजूने आणि मागून. सड्यावरच्या हबेनारिया या पांढऱ्या आमरींमध्ये फुलाच्या मागे शेपटीसारखी नळी असते. तिची लांबी ओळखीला फार उपयोगी, आणि ती समोरून दिसतच नाही. फळ असेल तर तेही सोडू नये. आकाराचा अंदाज यावा म्हणून एका चित्रात पट्टी ठेवावी.

पांढरी फुले भर उजेडात नुसता पांढरा डाग होऊन येतात. पडद्यावर फुलावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा, म्हणजे पाकळ्यांच्या शिरा दिसतात. सड्यावर वारा कायम. कोपर गुडघ्यावर टेकवून झुळुकीच्या मधली घडी साधावी. छत्री पावसापुरती नाही. वारा अडवायला आणि ऊन पडले तर सावली धरायला सोबत्याच्या हातातली छत्री फार कामाला येते. वेळेचेही भान हवे. केन्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. दहाची एसटी धरून गेलेल्याची आणि त्याची चुकामूक ठरलेलीच.

छायाचित्राने सर्व काही होते असेही नव्हे. पांढऱ्या बटणासारखे दिसणारे गेंद सड्यावर हजारोंनी असतात. प्रत्येक बटण म्हणजे अनेक इवल्या फुलांचा गुच्छ. त्यांच्या कित्येक जाती सूक्ष्मदर्शकाखाली बियांचा पृष्ठभाग पाहिल्याशिवाय निश्चित करता येत नाहीत. तेथे ‘गेंदाची एक जाती’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे. डॅल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला तो वाळवलेल्या नमुन्यांच्या बळावर. आपल्या जिल्ह्यापुरता बी. जी. कुलकर्णी यांचा ‘फ्लोरा ऑफ सिंधुदुर्ग’ हा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९८८ साली काढला. वनस्पतिशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांनी तो ग्रंथालयात अवश्य मागावा.

गटाने हिंडण्यात लाभ मोठा. एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते. धोकाही त्यातच आहे. एका आमरीभोवती दहा जण गुडघे टेकून बसले, तर उठताना भोवतालची शंभर रोपे मेलेली असतात. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठारावर गर्दी आवरण्यासाठी नोंदणी व शुल्क लावावे लागले. पावसाळ्यात फिरणारे भिक्खू हिरवे तृण तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांची तक्रार होती आणि त्यातून वर्षावासाचा नियम झाला, हे महावग्गात नमूद आहे. आमच्या मंडळींचा रिवाज असा की एका वेळी एकानेच फुलापाशी जायचे, पाय उघड्या कातळावर ठेवायचा, आणि चित्रासाठी आजूबाजूचे गवत उपटायचे नाही. दुर्मीळ आमरीचा नेमका ठिकाणाही सर्वत्र पसरवू नये. कंद उपटून नेणारे असतात.

सडे झपाट्याने बदलत आहेत. चिरेखाणी, सुरुंगाने खड्डे पाडून लावलेल्या बागा, रस्ते हे सारे सड्यावरच येते. चिपीच्या पठारावर विमानतळ झाला आणि तो ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. लोकांना रोजगार हवा, दळणवळण हवे, याबद्दल आमचा वाद नाही. पण जी जागा कागदावर पडीक, तिच्यावर काय होते ते विचारण्याची कोणाला गरजच वाटत नाही. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरची प्राचीन कातळशिल्पे लोकांपुढे आली, तेव्हा त्या कातळाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. फुलांचे तसे झालेले नाही. कातळशिल्प बारा महिने दाखवता येते. दीपकाडी मे महिन्यात पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याला कशी दाखवणार? तेथे तारीख आणि गावाचे नाव असलेले छायाचित्रच पुढे करावे लागते.

यासाठी एक सोयही आहे. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ही नोंदवही पाहायला मागावी. आपल्या सड्याच्या पानावर काय लिहिले आहे ते वाचावे. जे फूल तेथे नसेल त्याचे चित्र, मालवणी नाव, दिनांक आणि वाडीचे नाव एका कागदावर लिहून समितीकडे द्यावे व पोच घ्यावी. घरातल्या वृद्धांना नाव विचारायला विसरू नये. गुरे राखताना हे सडे त्यांनी पायाखाली घातलेले असतात, आणि बऱ्याच फुलांची नावे आता त्यांनाच ठाऊक आहेत.