खाडीच्या चिखलातला जीवाणू ‘नवा’ कसा ठरतो?

परवा रत्नागिरीत खाडीकाठी गाळाचे नमुने घेताना एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, यातला एखादा जीवाणू नवा आहे हे कळतं कसं?”

आधी गाळ पातळ करून आगरच्या प्लेटवर पसरायचा. वेगळी वसाहत दिसली की ती पुन्हा पुन्हा नव्या प्लेटवर वाढवून शुद्ध करायची.

मग जीवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या ‘१६एस’ जनुकाचा क्रम वाचायचा. माहीत असलेल्या प्रजातींशी साम्य साधारण ९८.७ टक्क्यांहून कमी निघालं, तर नवी प्रजाती असण्याची शक्यता दाट.

पण साम्य जास्त म्हणजे प्रजाती जुनीच, असंही नाही!

बहामाच्या सागरी गाळातल्या सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका आणि सॅलिनिस्पोरा अरेनिकोला यांचं हे जनुक ९९ टक्क्यांहून अधिक जुळतं. तरी २००५मध्ये त्या स्वतंत्र प्रजाती ठरल्या, कारण अख्ख्या डीएनएच्या तुलनेत साम्य ७० टक्क्यांखाली होतं.

आता त्यासाठी संपूर्ण जीनोम ताडून पाहतात. तिथे सीमारेषा ९५-९६ टक्के.

नाव मान्य व्हायला जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. असा एक संग्रह आपल्या पुण्यातही आहे.