आधी प्रेशर, मग करंट, मग पेट्रोल

महिंद्राच्या एफसी-१५० पिकअपला पुढे बॉनेटच नाही. इंजिन केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि शेजारी बसणारा यांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली बसवलेलं आहे. विलिस कंपनीने ही चपट्या तोंडाची गाडी १९५६च्या अखेरीस अमेरिकेत आणली. १९६५मध्ये तिथे तिचं उत्पादन थांबलं, आणि त्याच वर्षी महिंद्राने ती भारतात विकायला सुरुवात केली. झाकण उचललं की खाली दिसतं ते 'हरिकेन' इंजिन: चार सिलिंडर, सुमारे २.२ लिटर, ७५ अश्वशक्ती, पेट्रोलवर चालणारं. सीजे-३बी जीपमध्येही हेच होतं. ते बसावं म्हणून तर त्या जीपचं बॉनेट एवढं उंच करावं लागलं.

पुढे पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा अशा असंख्य गाड्यांमधून हे इंजिन उतरवून डिझेल चढवलं गेलं. त्यामुळे एखाद्या शेडमध्ये, टायर जमिनीत रुतलेली, पण मूळ इंजिन जागेवर असलेली पिकअप सापडली, तर ती जपायलाच हवी. अशा गाड्यांचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा ती सापडल्यानंतरच्या पहिल्या तासात. उत्साहाने नवी बॅटरी आणली जाते, सेल्फ मारला जातो आणि वर्षानुवर्षं स्थिर बसलेल्या रिंगा गंजलेल्या बोअरवरून ओढल्या जातात. रिंग तुटते, बोअरला चरे पडतात. मग ज्या इंजिनाला फक्त सफाई पुरली असती, ते लेथवाल्याकडे बोअरिंगला जातं.

सेल्फला हात लावायच्या आधी चारही प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडायचं आणि काही दिवस गाडीकडे फिरकायचं नाही. नंतर क्रॅंकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने हलवून पाहायचं. थोडं पुढे, थोडं मागे. अडलं तर जोर करायचा नाही, पुन्हा तेल सोडायचं. चेंबरमधलं जुनं ऑइल याच वेळी काढून त्याचा रंग बघावा. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे. ऑइल पातळ असून पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असण्याची शंका घ्यावी. इंजिनावरच्या यांत्रिक पंपात हा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. असं ऑइल बेअरिंगचं रक्षण करू शकत नाही, शिवाय आगीचा धोका राहतो तो वेगळाच.

इंजिन मोकळं फिरू लागलं की पहिली मोजणी कॉम्प्रेशनची. अनेक गॅरेजांमध्ये सुरुवात कार्ब्युरेटरपासून होते, कारण तो समोर दिसतो आणि पटकन सुटतो. पण व्हॉल्व्ह जळलेला असेल, तर जगातला कुठलाही कार्ब्युरेटर ते सिलिंडर चालवू शकत नाही. मोजताना चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली हवी. निरोगी हरिकेनमध्ये दर सिलिंडरला १२० ते १३० पौंडांच्या आसपास प्रेशर मिळतं. आकडा थोडा कमी असला तरी चालतं, मात्र चारही सिलिंडर एकमेकांच्या १० पौंडांच्या आत असायला हवीत. एखादं खूपच खाली असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. प्रेशर वाढलं तर दोष रिंगांचा, वाढलं नाही तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारची दोन सिलिंडरं एकदम खाली असतील, तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट फुंकलेलं असण्याची शक्यता मोठी. म्हणजे हेड न उघडता, एका गेजवर, खर्च शेकड्यांत जाणार की हजारांत, हे कळतं.

हरिकेनमध्ये व्हॉल्व्हची मांडणी वेगळी आहे, आणि ती ध्यानात न घेतल्याने चुका होतात. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला. वरचं झाकण काढून टॅपेट जुळवले की काम झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात ते अर्धंच झालेलं असतं. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूच्या झाकणाआड, मॅनिफोल्डच्या खाली, हात जेमतेम शिरेल अशा जागी असतात, म्हणून ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. इंजिन थंड असताना इनलेटला १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टला १६ थाऊ फट लागते. टकटक आवाज करणाऱ्या टॅपेटची सगळे काळजी करतात, पण खरा धोका गप्प बसलेल्या टॅपेटचा. फट संपली की गरम झालेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता ब्लॉकमध्ये उतरत नाही आणि कडा जळते. म्हणून व्हॉल्व्ह बदलण्याआधी फीलर गेज घालून पाहावं.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर पाळी करंटची. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत पॉइंटवर ऑक्साइडचा थर बसतो. डोळ्यांना पॉइंट स्वच्छ दिसतात, पण करंट जात नाही. बारीक फाइलने ते घासून २० थाऊ फट ठेवायची, प्लगला ३० थाऊ. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, कॅपवर दोन वायरी उलटसुलट लागल्या, तर इंजिन कार्ब्युरेटरमधून फटाफट उलटं बोलतं, आणि दोष मात्र टायमिंगला दिला जातो.

नव्याने रंगवलेल्या गाडीत एक दोष हमखास आढळतो: अर्थचा. चॅसिस, इंजिनाचे माउंट, बॅटरीची पट्टी, सगळ्यावर सुंदर रंग चढतो आणि धातूला धातू लागणंच बंद होतं. सेल्फ जड फिरतो, ठिणगी पिवळी पडते, मग नवी बॅटरी येते, नवी कॉइल येते. बॅटरीच्या अर्थपट्टीखालचा रंग खरवडून नट आवळला की गाडी एका सेल्फमध्ये बोलते. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांमध्ये तर तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणून तिथे ही चूक जास्त महाग पडते.

सगळ्यात जास्त माणसं दमवणारी तक्रार वेगळीच असते. गाडी सकाळी छान सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटं चालते, घाटाच्या पायथ्याशी बंद पडते, आणि अर्ध्या तासाने कोणी काही न करता पुन्हा सुरू होते. याची कारणं निदान चार. कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. कॉइलच्या आतलं वेटोळं तापलं की तुटतं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं, त्यामुळे आत पोकळी होऊन पेट्रोल येईनासं होतं. आणि चौथं, पेट्रोलची वाफ नळीत अडकते. एफसी-१५०मध्ये हे चौथं कारण जास्त संभवतं, कारण इंजिन बंदिस्त केबिनमध्ये आणि एप्रिलचं ऊन बाहेर.

चारही दोषांची लक्षणं सारखीच असल्यामुळे गाडी थंड झाल्यावर तपासणी करण्यात अर्थ नाही. तपासायचं ते बंद पडल्याच्या क्षणी. आधी टाकीचं झाकण फिरवायचं. 'फुस्स' असा आवाज आला, तर शोध तिथेच संपला. नसेल तर इंजिनापासून, पेट्रोलच्या वाफेपासून लांब धरून, एका जादा प्लगवर ठिणगी पाहायची. ठिणगी निळी आणि जाड असेल, तर दोष पेट्रोलच्या बाजूचा आहे, आणि पंपावर ओलं फडकं ठेवून गाडी चालू झाली तर तो वाफेचाच. ठिणगी नसेल किंवा मरतुकडी असेल, तर कंडेन्सर आधी बदलावा, कारण तो स्वस्त आहे. बदलून फरक पडला नाही, तरच कॉइलकडे वळावं. या क्रमाने जाणारा मिस्त्री सहसा एकाच फेरीत नेमक्या दोषापर्यंत पोचतो.

पेट्रोलच्या बाबतीत आज एक नवी अडचण आहे. भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. हरिकेनचे पडदे, सील, रबरी नळ्या या इंधनासाठी बनलेल्याच नव्हत्या. जुनं रबर फुगतं, तडकतं. इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं आणि हवेतलं पाणीही ओढतं. शिवाय एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जुन्या जेटवर तेच इंजिन आता थोडं उपाशी चालतं, जास्त तापतं, थ्रॉटल दाबला की अडखळतं. अशा वेळी इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या, नवा पडदा आणि एक नंबर मोठा जेट हाच उपाय आहे. टायमिंग पुढेमागे करून ही भूक भागत नाही.

उरतो तो ताप. एक्झॉस्टचे रस्ते ब्लॉकमधूनच जात असल्याने हरिकेनचं पाणी मुळातच जास्त उष्णता घेतं. वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेल्या ब्लॉकमध्ये मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरभोवती गंजाचा गाळ साचतो. रेडिएटर दोनदा साफ करूनही गाडी तापत असेल, तर ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे प्लग काढून आतला चिखल तारेने उकरून काढावा लागतो. काम घाणेरडं आहे, पण त्याला पर्याय नाही. थर्मोस्टॅट काढून फेकणं हा तर उपायच नव्हे. त्याने थंडीत इंजिन नीट तापत नाही आणि ऑइलमध्ये पाणी साचत राहतं.

वाचकांपैकी कोणाच्या वाड्यात, गोठ्याशेजारी किंवा बंद गिरणीच्या आवारात अशी पिकअप उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढंच करावं: चार प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावं, आणि इंजिन मोकळं झालं की कॉम्प्रेशनचे चार आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या पावसाळ्याची ओल बोअरमध्ये शिरण्याआधी हे झालेलं बरं.